वर जागा किती आहे ते आधी सांगा

आईला घेऊन बोधगया, नालंदा, राजगीर अशी ट्रिप केली होती आणि नालंद्याला पोचेपर्यंतच तिचे गुडघे बोलायला लागले होते. राजगीरला रत्नागिरी टेकडीवरचा पांढरा शांतिस्तूप खालूनच दिसतो, तिथून थोडं खाली गृध्रकूट, म्हणजे बुद्धांनी जिथे उपदेश केला असं मानतात तो खडकाळ कडा, आणि हे सगळं बघायलाच आम्ही इतक्या लांब आलो होतो. आई म्हणाली, तू जाऊन ये, मी इथेच बसते. हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं प्रत्येक ट्रिपला ऐकतेय. कुठेही गेलो की शेवटचा चढ आला की आई एखाद्या कट्ट्यावर पर्स मांडीवर घेऊन बसते आणि आम्ही वरून फोटो काढून आणतो तिला दाखवायला.

पण राजगीरला चेअरलिफ्ट आहे, जुनी, एकेका माणसाची उघडी खुर्ची. खुर्ची थांबत नाही, मागून येते, दोन माणसं उभी असतात ती दंडाला धरून बरोबर वेळेला बसवतात आणि समोरचा दांडा लावून टाकतात. आईला म्हणाले, माताजी, बैठ जाइए, आणि ती बसली की लगेच पाय जमिनीवरून सुटले. मी मागच्या खुर्चीत. मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता आणि खाली लोंबणाऱ्या चपला, त्या पडतात की काय एवढीच काळजी मला. प्रत्येक खांबावरून जाताना वरच्या चाकांची खडखड व्हायची, खुर्चीला बारीकसा धक्का बसायचा आणि तिच्या खांद्यावरून कळायचं की तिने दांडा घट्ट धरलाय. दोन-तीन खांब झाल्यावर तिने एक हात सोडला आणि इकडेतिकडे बघायला लागली. वर उतरल्यावर स्तूपाला प्रदक्षिणा घालून झाली, मग तिने पहिलं काम काय केलं तर मावशीला फोन लावला आणि सांगितलं, अगं मी वर आलेय.

त्यामुळे डोंगरावर रोपवे नकोच, डोंगर पायांनीच चढायचा असतो, असं कोणी म्हटलं की मला आई आठवते आणि मला ते पटत नाही. ट्रेकर मित्रमैत्रिणींचं म्हणणं मला कळतं, मी स्वतः सह्याद्रीत वाढलेली आहे, गड चढताना जी दमछाक होते त्यातूनच गड तिथे का बांधला हे कळतं, हेही मान्य. पण ते ज्याला पाय चांगले आहेत त्याच्यासाठी. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, सार्वजनिक जागा सगळ्यांना जाता येईल अशा करा हे आपण कायद्याने मान्य केलंय, मग कड्यावरचा वारा फक्त धडधाकट माणसासाठी राखून ठेवायचा हे कुठल्या न्यायाने? आणि डोली हा त्याला पर्याय आहे असं कोणी सांगू नका. चार माणसांनी पाचव्याला खांद्यावर उचलून चढायचं, गुडघे झिजवायचे, हे बघताना मला कधीच बरं वाटलं नाही. माथेरानमधल्या हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं ते याच कारणासाठी, माणसाने माणसाला ओढायचं ही गोष्टच चुकीची आहे म्हणून.

इतकं सगळं मान्य करूनही, आपल्याकडे ज्या पद्धतीने रोपवे मंजूर होतायत त्याला माझा विरोध आहे. आणि तो एका आकड्यावरून आहे.

तीनेक वर्षांपूर्वी डिसेंबरच्या एका वीकेंडला आम्ही अशाच एका डोंगरावर गेलो होतो, नाव घेत नाही. वर जायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर एक अरुंद माथा, एका बाजूला सरळ तुटलेला कडा, त्याला पाइपचं रेलिंग. आम्ही पोचलो तेव्हा रेलिंगला तीन ओळीत माणसं होती. पुढची ओळ सेल्फी काढतेय, मागची पुढची कधी हटतेय याची वाट बघतेय, त्याच्या मागे लहान मुलं खांद्यावर घेतलेले बाप. रेलिंगच्या कडेचं गवत पूर्ण गेलेलं, तिथे नुसती लाल माती, आणि ती माती पायांनी इतकी दाबली गेलेली की चपलेखाली फरशी असल्यासारखी लागत होती. टॉयलेटला पाणी नव्हतं. परतीच्या रांगेत आम्ही पावणेदोन तास उभे होतो, उन्हात, आणि रांगेत एक आजोबा होते ज्यांना बसायला काही नव्हतं, शेवटी कोणीतरी बॅग खाली ठेवली आणि त्यावर ते बसले. म्हणजे ज्यांच्यासाठी रोपवे केला असं सांगतात त्याच माणसाचे सगळ्यात जास्त हाल. मशीन दिवसभर अगदी नीट चालू होतं, कुठेही बिघाड नव्हता. वर इतकी माणसं कशी मावणार याचा विचारच कोणी केलेला नव्हता.

हे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. समजा दोन माणसांच्या खुर्च्या आहेत आणि दर बारा सेकंदांनी एक खुर्ची सुटतेय. मिनिटाला पाच खुर्च्या, म्हणजे दहा माणसं, म्हणजे तासाला ६००. आता वर गेलेला माणूस अर्ध्या तासात परतला तर वर एका वेळी ३०० माणसं असतील. पण वर चहा, भजी, व्ह्यू पॉइंट, देऊळ, फोटो हे सगळं असलं की माणूस दीड तास थांबतो, मग त्याच खुर्च्यांवर, काहीही न वाढवता, वर ९०० माणसं झाली. आणि परतीला सगळ्यांना सूर्यास्त बघूनच निघायचं असतं, त्यामुळे शेवटच्या तासात ६०० ची क्षमता आणि ९०० माणसं, उरलेले ३०० अंधारात. मशीन तासाला किती माणसं नेतं एवढा एकच आकडा ऐकून आपण खूश होतो, पण डोंगराचा आकडा वेगळा असतो, माथ्यावर एका वेळी किती माणसं राहू शकतात, किती पाणी लागेल, किती मैला खाली आणावा लागेल, हे त्या पहिल्या आकड्यात कुठेच नसतं.

चेअरलिफ्टचा जन्मच मुळात असा आहे. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला स्कीइंगसाठी सुरू झाली, ती डिझाइन केली जेम्स करन नावाच्या रेल्वे कंपनीतल्या इंजिनिअरने, आणि त्याला ही कल्पना सुचली ती जहाजावर केळीचे घड चढवायच्या यंत्रावरून. हुकाला घड अडकवायचा, साखळी फिरत राहते, घड पुढे जातो, मागून दुसरा येतो. हुकाच्या जागी त्याने खुर्ची लावली. साध्या चेअरलिफ्टमध्ये आजही खुर्ची वायर रोपला कायमची पकडलेली असते, दोर फिरतोय तोवर खुर्ची येतच राहणार. न थांबता माल पोचवत राहणं हेच या यंत्राचं काम, आणि ते काम ते फार चांगलं करतं. स्कीइंगला हे चालून जातं कारण वर गेलेला माणूस लगेच घसरत खाली येतो. कड्यावर गेलेला माणूस तिथेच उभा राहतो, हा फरक आहे.

आता आपल्याकडे काय चाललंय बघा. केंद्राच्या २०२२-२३ च्या बजेटमध्ये पर्वतमाला योजना आली, त्या वर्षी ६० किलोमीटरच्या आठ रोपवेंची कामं द्यायची असं ठरलं. मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी मिळाली, खर्च चार हजार कोटींच्या वर, आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येणार, एका दिशेला तासाला १,८०० आणि दिवसाला १८,००० माणसं. ही बातमी वाचली तेव्हा मी तो १८,००० चा आकडा कुठून आला बघितलं, तर तो १,८०० गुणिले दहा तास इतकाच आहे. मशीनचा आकडा. २०१३ च्या जूनमध्ये ज्या दरीत महापुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, त्या दरीचा आकडा किती हे त्याच बातमीत त्याच मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं. आपल्या राज्यातही सिंहगड, राजगड, माथेरान, ब्रह्मगिरी-अंजनेरी अशी नावं वर्षानुवर्षं आलटून पालटून येत असतात. प्रत्येक वेळी लांबी, खर्च आणि किती मिनिटांत पोचणार एवढंच सांगतात.

आणि कडा ही जागा पठारापेक्षाही नाजूक असते. खालून बघताना वाटतं नुसता दगड आहे, काय बिघडणार. पण आपल्याकडची लांब चोचीची गिधाडं घरटी करतात ती कड्याच्या कपारीतच. डोंगराच्या उभ्या भिंतीवर पांढरे ओघळ दिसले की समजायचं इथे त्यांची बसायची जागा आहे. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक औषधामुळे ही गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली, २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झालेला होता. जी उरलीत त्यांची जोडी एका हंगामात एकच अंडं घालते, आणि तो हंगाम साधारण हिवाळ्याचा, म्हणजे आपल्या ट्रिपांचाही तोच. अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे जिच्या नावातच अंजनेरी आहे. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेला नाशिकच्या निसर्गप्रेमींनी जो विरोध केला तो मला शंभर टक्के योग्य वाटतो. काही कडे असे आहेत जिथे वर जायची माणसांची संख्या शून्याच्या आसपासच असली पाहिजे, आणि तिथे माझ्या आईनेही खालच्या कट्ट्यावर बसावं असं मी म्हणेन, जड मनाने म्हणेन पण म्हणेन.

एक गोष्ट मात्र रोपवेच्या बाजूने सांगायला हवी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. डोंगरावर गाडीरस्ता नेण्यापेक्षा रोपवे खूप बरा. रस्त्यासाठी डोंगर कापत कापत न्यावा लागतो, दरवर्षी पावसात दरडी येतात, मग जाळ्या लावा, भिंती बांधा, आणि वर पुन्हा पार्किंग. सिंहगडावर रविवारी सकाळी गाडी घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा. रोपवेला खांबांपुरती जागा लागते, बाकीचा डोंगर तसाच राहतो. अर्थात एका अटीवर, की बांधकामाच्या वेळी सामान न्यायला जो कच्चा रस्ता काढतात तो काम झाल्यावर बुजवून झाडं लावली पाहिजेत, नाहीतर रोपवेही झाला आणि रस्ताही झाला.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पायवाटेला दार नसतं. दहा बाजूंनी माणसं येतात, किती आली कोणाला कळत नाही. रोपवेला दार आहे, खिडकी आहे, प्रत्येक डोकं मोजून वर जातं आणि मोजून खाली येतं. म्हणजे गर्दी आवरायचं याहून चांगलं साधन डोंगरावर दुसरं कुठलंच नाही! वर आत्ता किती माणसं आहेत हे तिकीट खिडकीवरच्या माणसाला एका वजाबाकीत कळू शकतं. वरची मर्यादा ३०० ठरली की ३०० झाल्यावर खाली जेवढे उतरतील तेवढेच वर सोडायचे, पायी चढणाऱ्यांसाठी थोडी जागा आधीच धरून ठेवायची, पायवाट उघडी आणि फुकट ठेवायची. हे आपल्याला जमत नाही असं नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग ठेवलं, सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली आणि नंतर सवय झाली. फुलांसाठी जे केलं ते कड्यासाठी का नाही करायचं?

का नाही करत याचं उत्तर करारात आहे. रोपवे बांधायला कोट्यवधी लागतात, ते खाजगी कंपनी घालते आणि तिकिटातून काढते. मग प्रत्येक जास्तीचं तिकीट म्हणजे कमाई, आणि वरची मर्यादा म्हणजे थेट नुकसान. कंपनीच्या जागी मी असते तरी मी मर्यादा वाढवूनच मागितली असती. त्यामुळे चालवणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, करारच वेगळा लिहायला हवा. माणसामागे पैसे देण्याऐवजी वर्षात किती दिवस यंत्र सुरक्षित आणि वेळेवर चालू ठेवलं यावर पैसे द्या, तिकिटाचे पैसे एका वेगळ्या खात्यात जमा करा, म्हणजे एखाद्या दिवशी ३०० वर थांबलं काय किंवा वारा आहे म्हणून बंद ठेवलं काय, चालवणाऱ्याच्या पोटावर पाय येणार नाही. सरकारला हे महाग पडेल, मान्य. पण मग काही रोपवे होणारच नाहीत, आणि जे होणार नाहीत ते बहुतेक तेच असतील जे गर्दीशिवाय परवडतच नव्हते.

पैशाचा आणि सुरक्षिततेचा संबंध किती जवळचा आहे हे इटलीत दिसलं. मे २०२१ मध्ये स्ट्रेसाजवळ मोत्तारोने नावाच्या डोंगरावर रोपवेचा वायर रोप तुटला, केबिन मागे घसरत जाऊन कोसळली, १४ माणसं गेली, एक लहान मुलगा तेवढा वाचला. रोप तुटला तर केबिन धरून ठेवणारा आपत्कालीन ब्रेक होता. तो उगाच लागून फेऱ्या खोळंबत होत्या म्हणून क्लॅम्प घालून निकामी ठेवलेला होता, असं तपासात पुढे आलं. फेऱ्या खोळंबू नयेत म्हणून! आपल्याकडे १० एप्रिल २०२२ ला, रामनवमीच्या दिवशी, झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर केबिन अडकल्या, लोक दोन-दोन रात्री वर लटकून होते, वायुसेनेची हेलिकॉप्टर आली, तीन जीव गेले आणि त्यातले दोन तर सुटका होत असताना पडून गेले. हे वाचल्यापासून मला वाटतं की ज्या रोपवेवर अडकलेल्या माणसाला हेलिकॉप्टरशिवाय खाली आणता येत नाही तो बांधूच नये. साधी चेअरलिफ्ट जमिनीपासून फार उंच नसेल तर दोराने, शिडीने माणसं उतरवता येतात, आणि ते काम बाहेरून टीम येईपर्यंत थांबून करायचं नसतं, तिथल्याच गावातली पोरं शिकवून तयार ठेवायची असतात. त्यांना तो कडा रात्रीसुद्धा पाठ असतो.

गावाचा विषय निघालाच आहे तर. वैष्णोदेवीला कटऱ्यात २०२४ च्या शेवटी रोपवेविरुद्ध बंद झाला, दुकानदार, घोडेवाले, पाठीवर ओझं वाहणारे पिठ्ठूवाले सगळे रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं, माणसं डोक्यावरून निघून जाणार, आम्ही काय खायचं. आपल्याकडेही वाटेवर ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसलेली बाई असते, तिचं गिऱ्हाईक म्हणजे दमलेला माणूस, आणि रोपवेने गेलेला माणूस दमतच नाही. डोली बंद व्हावी असं मी वर म्हटलं, पण ती बंद झाल्यावर डोलीवाल्याचं काय हे त्याच कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे, स्टेशनवरच्या नोकऱ्या, सुटकेची टीम, खालच्या स्टेशनातले गाळे, यावर पहिला हक्क त्यांचा. गाळे खालीच. वर एकही नको, कारण वर चहा मिळाला की माणूस दीड तास थांबतो आणि पुन्हा ३०० चे ९०० होतात.

रायगडाचा रोपवे १९९६ पासून आहे, सप्तशृंगीला २०१८ पासून ट्रॉली आहे, हजारो म्हाताऱ्या माणसांनी त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ती ठिकाणं बघितली, आणि आता तर रायगड २०२५ पासून बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणजे गर्दी वाढणारच. तुमच्या भागात नव्या रोपवेची जनसुनावणी लागली तर जा आणि एवढंच विचारा की वर एका वेळी किती माणसं, हा आकडा कोणी काढला, कशावरून काढला, आणि तो भरल्यावर मशीन कोण थांबवणार. लेखी उत्तर मागा. उत्तर म्हणून तासाची क्षमता सांगायला लागले तर पुन्हा तोच प्रश्न विचारा.

आईला मी हे सगळं सांगून बघितलं. म्हटलं, समज रायगडला गेलो आणि खाली बोर्ड लागलाय की आज वर जागा नाही, तर तुला चालेल का, इतक्या लांब गाडीत बसून गेल्यावर? ती भाजी निवडत होती. म्हणाली, मग मंगळवारी जाऊ की, मला कुठे ऑफिस आहे, आणि गर्दी नसली तर वर जरा निवांत बसता तरी येईल.